गिधाडे गेली, कुत्री आली

आमची शाळा उर्दू माध्यमाची. आठवीला मराठी शिकवताना आम्ही फळ्यावर दहा शब्द लिहून देतो आणि मुलांना त्यांची वाक्ये करायला सांगतो. गेल्या वर्षी त्यात ‘गिधाड’ हा शब्द होता. वह्या तपासायला घेतल्या, तर जवळजवळ सगळ्यांची वाक्ये एकाच चालीची. वारसदार इस्टेटीवर गिधाडासारखे तुटून पडले. सावकार गिधाडासारखा टपून बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात विचारले, “खरे गिधाड कुणी पाहिले आहे?” एकही हात वर झाला नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, गिद्ध कार्टूनमध्ये पाहिलाय.” वर्ग हसला, आम्हीही हसलो.

त्याच दिवशी हजेरी घेताना एका मुलीच्या नावापुढे सलग चौथ्यांदा गैरहजेरी लागली. सकाळी मकतबमधून घरी येताना गल्लीतली कुत्री तिच्या मागे लागली होती आणि एकाने पोटरीचा लचका तोडला होता. सरकारी दवाखान्यात सुया चालू होत्या. वहीतला शब्द आणि मुलीची गैरहजेरी यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे त्या दिवशी आमच्या मनातही आले नाही. तो संबंध पुढे वाचनात आला, आणि तोच आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

आमच्या पिढीला गिधाड कार्टूनमध्ये पाहावे लागले नाही. सुट्टीत आम्ही म्हसळ्याकडे मामूंच्या गावी जायचो. गावाबाहेर माळावर मेलेली जनावरे टाकायची जागा होती. कुणाचा बैल, कुणाची म्हैस मेली की चामडे सोडवणारे लोक चामडे घेऊन जायचे आणि थोड्याच वेळात आकाशात ठिपके फिरू लागायचे. आधी एक, मग चार, मग मोजता येऊ नयेत इतके. आम्ही पोरे लांब बांधावर बसून पाहायचो. पंख पसरून, मान वाकवून, एकमेकांना ढकलत, फिस्कारत त्यांची पंगत चालायची. मामू म्हणायचे, “असरला टाकलेले ढोर मगरिबच्या आत साफ.” ते बढाई मारत नव्हते. मोठा थवा असला तर पाऊण तासात एका गाईची फक्त हाडे उरतात, हे अभ्यासकांनीही नोंदवले आहे. घरी परतलो की नानी आम्हाला आधी विहिरीवर पिटाळायची, अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल नाही. तिच्या लेखी तो घाण पक्षी होता. आमच्याही लेखी.

पुढे ती कधी दिसेनाशी झाली, हे सांगता येत नाही. चिमण्या कमी झाल्या तेव्हा लोकांनी हळहळ तरी व्यक्त केली. गिधाडे गेली आणि गावात कुणी चौकशीही केली नाही.

आज आकडे वाचताना अंगावर काटा येतो. १९८० च्या दशकात आपल्या देशात गिधाडांची संख्या कोट्यवधींत होती. पांढऱ्या पाठीचे गिधाड तर जगातल्या सर्वांत जास्त संख्येने आढळणाऱ्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक मानले जाई. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत त्याची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे पूर्वी जिथे हजार होती तिथे एक उरले. लांब चोचीच्या आणि निमुळत्या चोचीच्या गिधाडांची घट ९७ टक्क्यांच्या आसपास. एवढ्या झपाट्याने एवढा मोठा पक्षी नाहीसा झाल्याची उदाहरणे इतिहासात फार थोडी आहेत.

ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात आली ती राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश तेथे शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करीत होते. १९८७-८८ मध्ये त्यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली होती. दहा वर्षांनी पाहिले तर निम्मीही नाहीत, आणि झाडाखाली व फांद्यांवर मेलेली गिधाडे. जिवंत होती ती मान खाली टाकून तासन्‌तास बसलेली. पुढे काही वर्षांत तिथले एकही घरटे उरले नाही. खायला कमी पडले म्हणावे, तर जनावरे पूर्वीसारखीच मरत होती. शिकार म्हणावी, तर गिधाडाची शिकार कोण करणार? एखादा नवा विषाणू असावा, असा बऱ्याच शास्त्रज्ञांचा कयास होता. कीटकनाशकांवरही संशय घेतला गेला.

उत्तर सापडले ते सरहद्दीपलीकडे, पाकिस्तानच्या पंजाबात. अमेरिकेचे पशुवैद्यक शास्त्रज्ञ लिंडसे ओक्स आणि त्यांच्या पाकिस्तानी सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे गोळा करून एकेकाचे शवविच्छेदन केले. तपासलेल्या २५९ गिधाडांपैकी २१९ गिधाडांच्या काळजावर, यकृतावर, मूत्रपिंडावर चुना फासावा तशी पांढरी पुटे चढलेली होती. ती युरिक आम्लाची. आपल्याकडे वयस्कर माणसांचा अंगठा ज्या गाऊटने सुजतो, त्याच जातीचा हा प्रकार, पण शरीराच्या आत. मूत्रपिंड बंद पडले की पक्ष्यांत असे होते. विषाणू सापडला नाही, शिसे नाही, कीटकनाशक नाही.

मग त्यांनी वेगळ्या दिशेने विचार केला. गिधाडे पाळीव जनावरे खातात, तर त्या जनावरांना हल्ली कोणती औषधे दिली जातात? गावोगावच्या औषध दुकानांत आणि पशुवैद्यांकडे चौकशी केली. मूत्रपिंडाला अपाय करू शकेल असे एक नाव वारंवार पुढे आले: डायक्लोफेनॅक. सांधेदुखी, कंबरदुखी, दाढदुखी यांवर आपण घेतो तेच. मूत्रपिंडात पांढरी पुटे असलेल्या २५ गिधाडांची तपासणी केली, पंचवीसच्या पंचवीसांत डायक्लोफेनॅक. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांची केली, एकातही नाही. शोधनिबंध २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. पुढे भारतातल्या आणि नेपाळमधल्या मेलेल्या गिधाडांतही हेच सापडले.

आपल्याकडे १९९० च्या दशकात हे औषध फार स्वस्त झाले आणि माणसांबरोबर जनावरांनाही सर्रास देऊ लागले. बैल लंगडला, द्या सुई. म्हशीची कास सुजली, द्या सुई. जनावराला आराम पडायचा, धन्याची सोय व्हायची. त्यात कुणाची बदनियत नव्हती. पण सुई दिल्यावर थोड्या दिवसांत ते जनावर दगावले, तर औषध मांसात शिल्लक असते, आणि ते खाल्लेले गिधाड दोन-तीन दिवसांत मरते. शास्त्रज्ञांनी हिशेब मांडून दाखवले, की शंभर मेलेल्या जनावरांत एकापेक्षाही कमी जनावर असे विषारी असले तरी सगळी जात संपायला पुरेसे आहे.

हे वाचून आम्हाला पहिल्यांदा खरे वाटले नाही. शंभरात एकाहून कमी? त्याचे कारण गिधाडांच्या वागण्यात आहे, आणि तो भाग आम्हाला सगळ्यांत आवडला.

आपल्याकडची गिधाडे वासावर अन्न शोधत नाहीत, नजरेवर शोधतात. सकाळी जमीन तापली की गरम हवेचे झोत वर चढतात. त्या झोतावर पंख पसरून ती गोल गोल वर जातात, आणि उंचीवर पोचली की पंख न हलवता मैलोन्‌मैल तरंगतात. दक्षिण अमेरिकेतील कॉन्डॉर या गिधाडाच्या पाठीवर यंत्रे बसवून अलीकडेच मोजणी झाली. एक पक्षी पाच तासांहून अधिक काळ, १७२ किलोमीटर, एकदाही पंख न फडफडवता उडाला. आफ्रिकेत १९७३ साली एक गिधाड सुमारे ३७ हजार फुटांवर विमानाला धडकले होते. इतक्या उंचावरून ती फक्त जमिनीकडे पाहत नाहीत, एकमेकांकडेही पाहत असतात. एक खाली उतरू लागले की शेजारचे, म्हणजे दोन-चार किलोमीटरवरचे, त्याच्याकडे वळते. त्याला पाहून पलीकडचे. अशी बातमी आकाशात पसरत जाते. आम्ही बांधावर बसून ठिपके वाढताना पाहायचो, ते हेच होते. त्यामुळे एका जनावरावर शंभर गिधाडे जमतात, आणि ते एक जनावर विषारी असेल तर शंभर दगावतात. त्यातून गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, तेही साधारण पाच वर्षांची झाल्यावर. झालेली हानी भरून यायची कशी?

पोटाचेही असेच. गिधाडाचा जठररस इतका तीव्र आम्लाचा असतो, की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथे मरून जातात. काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने मेलेले जनावरही ते पचवू शकते. सडके-कुजके मांस पचवणारा हा पक्षी माणसाच्या साध्या वेदनाशामकाने मरावा, हे विचित्रच.

आता त्या मुलीच्या पोटरीकडे येऊ.

गिधाडे गेली म्हणून जनावरे मरायची थांबली नाहीत. माळावर टाकलेली ढोरे दिवसेंदिवस पडून सडू लागली. केनियात संशोधकांनी यावर एक सरळ प्रयोग केला. बकऱ्यांची मृत शरीरे उघड्यावर ठेवली, काही ठिकाणी गिधाडांना येऊ दिले, काही ठिकाणी येऊ दिले नाही. जिथे गिधाडे नव्हती तिथे मांस नाहीसे व्हायला जवळजवळ तिप्पट वेळ लागला, आणि तिथे येणारे कोल्हे-तरस वगैरे प्राणीही जवळपास तिप्पट झाले. एकाच ठिकाणी इतके प्राणी तोंडाला तोंड लावून खाऊ लागले, की एकाचा रोग दुसऱ्याला लागणारच.

आपल्याकडे ती जागा भटक्या कुत्र्यांनी घेतली. कुत्रे गिधाडाइतके साफ खात नाही, त्याच्या पोटात रोगजंतू मरत नाहीत, आणि ते माळावर राहत नाही. खाऊन गावात येते, पिल्ले गावात घालते. एका अभ्यासानुसार १९९२ नंतरच्या दहा-अकरा वर्षांत देशातली कुत्री सुमारे ५५ लाखांनी वाढली. भारतात दरवर्षी रेबीजने सुमारे १८ ते २० हजार माणसे मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात पंधरा वर्षांखालची मुले फार मोठ्या संख्येने असतात. याचे कारण सांगायला नको. मुले कुत्र्याच्या उंचीची असतात, पळतात, आणि चावल्याचे घरी लपवतात.

गिधाडे जाण्याने माणसांचे नेमके किती नुकसान झाले, याचा हिशेब शिकागो विद्यापीठाचे इयाल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धत वर्गात सांगता येईल इतकी सोपी आहे. देशातले काही जिल्हे पूर्वी गिधाडांना मानवणारे होते, काही नव्हते. औषध येण्यापूर्वी दोन्हीकडच्या माणसांच्या मृत्युदरात विशेष फरक नव्हता. औषध स्वस्त झाल्यानंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला, दुसरीकडे तसे झाले नाही. त्याच जिल्ह्यांत रेबीजच्या लसीची विक्री वाढली, नदी-नाल्यांच्या पाण्यात मैल्यातले जंतू वाढले. २००० ते २००५ या काळात दरवर्षी सुमारे एक लाख, म्हणजे एकूण सुमारे पाच लाख माणसे जास्त मेली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा मोजून काढलेला अंदाज आहे, नावनिशीवार यादी नाही. पण त्याच्या निम्मे जरी खरे धरले तरी आमचा हात लिहिताना थांबतो.

माणसांच्या पोटापाण्याचेही झाले. गिधाडांनी साफ केलेली हाडे गोळा करून हाडांच्या गिरणीला विकणे, मेलेल्या ढोराचे चामडे सोडवणे, यावर कित्येक घरांच्या चुली पेटत. त्यात आपली घरे होती, दलित बांधवांची होती. सडक्या सापळ्याला हात कोण लावणार? मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी समाजाचे दख्मे आहेत. तिथे मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची शेकडो वर्षांची रीत. गिधाडेच नाहीत म्हटल्यावर त्यांना सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. मय्यतीचा प्रश्न कोणत्याही समाजाला किती हळवा असतो ते आपल्याला ठाऊक आहे.

इथे एक कबुली द्यायची आहे. साधारण २००९ ची गोष्ट. ईद-उल-अजहाला दीड महिना होता आणि आम्ही कुर्बानीसाठी एक बकरा घेऊन ठेवला होता. मुलांचा जीव त्याच्यावर जडलेला. टेम्पोतून उतरताना त्याचा मागचा पाय मुरगळला आणि तो टेकेना. ऐबदार जनावर कुर्बानीला चालत नाही, म्हणून आमची घालमेल. जनावरांचे डॉक्टर तालुक्याला, दिवस रविवारचा. ओळखीच्या एका दुकानदाराने माणसांच्या दुखण्यावरची मोठी बाटली काढून दिली आणि गल्लीतल्या एका जाणत्याने सुई टोचली. दोन दिवस बकरा बरा वाटला, तिसऱ्या दिवशी ताप भरला, चौथ्या दिवशी सकाळी मेला. मुले रडली. आम्ही हातगाडी करून त्याला गावाबाहेर डोंगराच्या कडेला टाकून आलो. पुरला नाही. खड्डा कोण खणणार, असा आमचा आळस. त्या बाटलीवर नाव डायक्लोफेनॅकच होते, ते आम्ही स्वतः वाचले होते. जनावरांसाठी ते वापरायला सरकारने २००६ मध्येच बंदी केली होती, हे मात्र तेव्हा ना आम्हाला ठाऊक होते ना सुई टोचणाऱ्याला.

असे करणारे आम्ही एकटे नव्हतो. बंदीनंतर जनावरांचे डायक्लोफेनॅक दुकानातून गेले, पण माणसांचे त्याच औषधाचे मोठ्या बाटलीतले इंजेक्शन मिळतच राहिले आणि गोठ्यात जात राहिले. म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरहून मोठी नसावी असा नियम आला. छोट्या बाटल्या फोडून म्हशीला सुई देणे परवडत नाही, हा त्यामागचा हिशेब. मग कळले की डायक्लोफेनॅकच्या भाऊबंदांपैकी आणखी काही औषधे गिधाडांना तशीच घातक आहेत. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक, २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड यांच्यावर जनावरांसाठी बंदी आली. दुखण्या-सुजेवर मेलोक्सिकॅम हे औषध आहे, ते गिधाडांना अपाय करत नाही हे तपासून सिद्ध झाले आहे. टॉल्फेनॅमिक आम्लाचेही तसेच. ज्या घरांत बकऱ्या, म्हशी आहेत, त्यांनी मेलोक्सिकॅम हे नाव गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवले तरी चालेल. आम्ही लिहिले आहे.

गिधाडे अगदीच संपली असे नाही. हरियाणात पिंजोरला पैदास केंद्र आहे, तिथे अंडी उबवून पिल्ले वाढवतात. तिथलीच काही गिधाडे २०२४ च्या सुरुवातीला आपल्या विदर्भात, ताडोबा आणि पेंच येथे आणली गेली. आणि म्हसळा तालुक्यात, आमच्या मामूंच्या गावापासून फार लांब नाही, चिरगाव नावाचे गाव आहे. तिथे पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच झाडांवर घरटी करून टिकून आहेत. गावकरी आणि निसर्गप्रेमी कार्यकर्ते मिळून त्यांना राखतात, औषधमुक्त मेलेली जनावरे त्यांच्यासाठी ठरावीक जागी नेऊन टाकतात. फणसाड अभयारण्यातही असा प्रयत्न झाला आहे. लोक त्याला गमतीने गिधाडांचे हॉटेल म्हणतात.

हे सगळे आम्ही वर्गात सांगितले, बकऱ्याची गोष्टही सांगितली. मुलांना ती गोष्टच जास्त लक्षात राहिली. आम्ही एवढेही सांगितले की कुत्रे चावले किंवा नुसते ओरखडले तरी लपवायचे नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, हळद-मिरची काही लावायचे नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि ईदला घरी सांगायचे, की आतडी-कोथळा नाल्याकडेला टाकू नका, पुरा किंवा नगरपालिकेच्या गाडीत द्या. कुत्र्यांची पंगत आपणच वाढायची आणि मग मुलांना काठी देऊन मकतबला पाठवायचे, याला काय म्हणावे?

ती मुलगी सुया पुऱ्या करून वर्गात परतली होती. चालताना अजून पाय जरा जपत होती. जानेवारीत आम्ही पंधरा मुलांना घेऊन चिरगावला गेलो, ती आली होती. सकाळी नऊपर्यंत काही दिसले नाही. मुले कंटाळून डबे उघडू लागली. मग ऊन तापले आणि डोंगरामागून एक ठिपका वर आला, गोल फिरत फिरत, पंख न हलवता. तिनेच तो आधी पाहिला. थोड्या वेळाने दुसरा. मुले मोठ्याने मोजू लागली. अकरापर्यंत आकडा गेला आणि मग बारावे आधी मोजलेले की नवे, यावरून त्यांच्यात भांडण लागले.